गाडी पुढे गेली, कंदील मागे राहिला

२००९ साली ‘फॉलआउट ३’ या व्हिडिओ गेमची ‘ब्रोकन स्टील’ नावाची पुरवणी बाजारात आली. तिच्यात खेळाडू एका भुयारी रेल्वेत चढतो, गाडी सुटते आणि बोगद्याच्या भिंती भराभर मागे पडू लागतात. पुढे काही हौशी मंडळींनी खेळाच्या फायली उघडून पाहिल्या. तिथे चालती रेल्वे अशी काही वस्तूच नव्हती. रेल्वेचा डबा म्हणजे खेळाडूच्या पात्राच्या अंगावर चढवलेला चिलखताचा एक तुकडा होता. माणूस गाडीत बसलाच नव्हता. त्याने गाडी अंगात घातली होती.

यावर भरपूर हसून झाले. पण गेम तयार करणाऱ्यांना त्या हसण्यात थोडी सहानुभूतीही वाटली असणार. अंगाला चिकटून हलणारे चिलखत ही त्या इंजिनातली पक्की, वर्षानुवर्षे वापरात असलेली सोय होती. प्रवाशाला पोटात घेऊन धावणारे वाहन मात्र नव्याने घडवावे लागले असते. मग असलेल्या सोयीवर काम भागवले. कोणती वस्तू कोणाला चिकटलेली आहे, आणि कोण हलल्यावर कोणी हलायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

## सीट नंबर आणि मैलाचा दगड

पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलेला प्रवासी जागचा हलत नाही. तरी तो साताऱ्याला पोचतो. त्याचे दोन पत्ते असतात. एक गाडीच्या आतला: सीट नंबर १४. दुसरा बाहेरचा: अमुक मैलाचा दगड. पहिला पत्ता प्रवासभर तोच राहतो, दुसरा क्षणोक्षणी बदलतो.

गेम इंजिनातही हेच आहे. गेम इंजिन म्हणजे चित्रे काढणे, टकरा ओळखणे, आवाज वाजवणे ही प्रत्येक खेळात लागणारी कामे तयार करून देणारे सॉफ्टवेअर. त्यात एक वस्तू दुसरीला जोडली की पहिलीला चाइल्ड आणि दुसरीला पेरेंट म्हणतात. चाइल्डचा ‘लोकल’ पत्ता पेरेंटपासून मोजायचा, ‘वर्ल्ड’ पत्ता जगाच्या शून्य बिंदूपासून.

समजा, कोणी बैलगाडीचा खेळ करतो आहे. गाडी जगात (१००, ०) या जागी उभी आहे. तिला टांगलेला कंदील गाडीच्या मध्यापासून २ पुढे आणि ३ डावीकडे, म्हणजे लोकल पत्ता (२, ३). गाडीचे तोंड सरळ असेल तर कंदील जगात (१०२, ३) या जागी दिसेल. नुसती बेरीज. आता गाडी जागच्या जागी डावीकडे काटकोनात वळवा. कंदिलाचा लोकल पत्ता अजूनही (२, ३) आहे, पण गाडीचे ‘पुढे’ बदलले. फिरवून हिशेब केला तर (२, ३) चे (-३, २) होते आणि कंदील (९७, २) वर जातो. कंदिलाच्या नोंदीला कोणी हातही लावला नाही, तरी तो जगात पाच एकक मागे गेला.

म्हणजे चाइल्डची जगातली जागा ही दरवेळी वरून खाली करत आणायचा हिशेब आहे. गाडीला बैल, बैलाला घुंगुरमाळ, माळेला घुंगरू अशी साखळी असेल तर घुंगराची जागा काढायला गाडीपासून सुरुवात करून एकेक पायरी उतरावी लागते. या प्रकारात पुढे जे जे बिघडते, ते या हिशेबातच कुठेतरी बिघडते.

## माणूस म्हणजे फक्त रोल नंबर

जुन्या पद्धतीच्या इंजिनात प्रत्येक वस्तू ही आपले सगळे सामान जवळ बाळगणारा एक गाठोडेवाला असते: जागा, रंग, ताकद, आवाज, शिवाय आपली मुले. आर्जेंटिनात जन्मलेले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले झालेले ‘गोडो’ हे इंजिन आजही नोडच्या अशाच झाडावर चालते. झाड डोळ्यांना दिसते, नवशिक्याला पटकन उमगते.

दुसरी पद्धत म्हणजे एन्टिटी-कंपोनंट-सिस्टिम, थोडक्यात ईसीएस. तिची मुळे जुनी आहेत. २००२ साली ‘डंजन सीज’ या खेळाचे स्कॉट बिलास यांनी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये वस्तूंऐवजी माहितीच्या तुकड्यांवर उभ्या केलेल्या रचनेबद्दल सांगितले होते. शाळेच्या कार्यालयाचे उदाहरण इथे चपखल बसते. तिथे विद्यार्थी म्हणजे एक रोल नंबर. हजेरीची वही वेगळी, फीची वेगळी, गुणांची वेगळी. फीचे काम करणारा कारकून फक्त फीची वही वरून खाली चाळतो, त्याला कोणाचे गुण किती याच्याशी देणेघेणे नाही. ईसीएसमध्ये एन्टिटी म्हणजे रोल नंबर, कंपोनंट म्हणजे वहीतली नोंद आणि सिस्टिम म्हणजे कारकून.

फायदा वेगाचा. एकाच प्रकारची माहिती मेमरीत सलग ठेवली की प्रोसेसर ती झपाट्याने वाचतो. हजारो वस्तू एकदम हलवायच्या असतील तर हा फरक जाणवतो.

मात्र नाती ही या पद्धतीची दुखरी नस आहे. वही सलग वाचायची म्हटली, तर ‘या कंदिलाची गाडी कुठे?’ हे शोधायला मधेच पाने उलटावी लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की नाते हीसुद्धा आता एक नोंदच असते. आणि नोंद करायची राहू शकते.

## साखळीतली कोरी कडी

रस्ट भाषेत लिहिलेले ‘बेव्ही’ हे मोफत, मुक्त इंजिन कार्टर अँडरसन यांनी ऑगस्ट २०२० मध्ये लोकांसमोर आणले. ते पहिल्यापासून ईसीएसवर उभे आहे. ते वापरणाऱ्या नवशिक्यांना कधी ना कधी एक इशारा भेटतोच. त्याचा क्रमांक बी-०००४. मजकुराचा आशय असा, की या एन्टिटीकडे अमुक कंपोनंट आहे, पण तिच्या पेरेंटकडे ते नाही, तेव्हा वागणूक विचित्र होईल.

हे घडते कसे? बैलगाडीचे पंधरा-वीस भाग झाले की माणूस आवराआवर करायला बसतो. ‘सजावट’ नावाची एक रिकामी एन्टिटी करतो, ती गाडीला जोडतो आणि कंदील, झालर, घंटा असे सगळे तिच्या पोटात टाकतो. ‘सजावट’ ही काही दिसणारी वस्तू नाही, नुसती पिशवी. म्हणून तिला जागेची नोंद दिलीच जात नाही. झाले! गाडीपासून निघालेला हिशेब ‘सजावट’पाशी येतो, जागेच्या वहीत तिचे नावच सापडत नाही, आणि तो तिथेच थांबतो. खालच्या कंदिलापर्यंत काही पोचत नाही. गाडी निघून जाते, कंदील हवेत लटकत राहतो.

बेव्हीत जागेच्या नोंदी दोन आहेत. ‘ट्रान्सफॉर्म’ म्हणजे लोकल पत्ता, तो प्रोग्रॅमरने लिहायचा. ‘ग्लोबलट्रान्सफॉर्म’ म्हणजे जगातला पत्ता, तो इंजिनाने काढायचा. मधली कडी कोरी असेल तर कंदिलाचा ट्रान्सफॉर्म कितीही बदला, ग्लोबलट्रान्सफॉर्म हलत नाही. दिसण्या-लपण्याचेही तसेच. ‘व्हिजिबिलिटी’ची नोंद मधे तुटली की वरून गाडी लपवली तरी खालचा कंदील आपला दिसतच राहतो.

इलाज दोन ओळींचा आहे: पिशवीलाही ट्रान्सफॉर्म आणि व्हिजिबिलिटी द्या, भले आकडे शून्य असोत. शून्याची नोंद आणि नोंदच नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘सजावट’ गाडीच्या मध्यापासून शून्य अंतरावर आहे असे लिहिले की हिशेब तिच्यातून सुखरूप पार होतो. नोव्हेंबर २०२४ च्या ०.१५ आवृत्तीपासून ट्रान्सफॉर्म दिला की त्याच्या जोडीला लागणारा ग्लोबलट्रान्सफॉर्म आपोआप येतो, त्यामुळे अर्धवट नोंदींचा त्रास कमी झाला. पण पिशवीला ट्रान्सफॉर्मच दिला नाही, तर इंजिन तरी काय करणार?

हा दोष फक्त ईसीएसचा नाही. गोडोमध्ये द्विमित नोडच्या साखळीत मधेच साधा ‘नोड’ घातला की तीच गत होते. साध्या नोडला जागा नसते. फरक इतकाच, की तिथे खालचे मूल स्वतःच्या लोकल पत्त्यालाच जगातला पत्ता समजते. आपला कंदील गाडी सोडून थेट जगाच्या (२, ३) वर जाऊन बसेल. शिवाय गोडो याबद्दल तक्रारही करत नाही, कारण कधी कधी हे मुद्दाम हवे असते. बेव्हीचा इशारा कटकटीचा वाटला, तरी त्या मानाने तो प्रामाणिक म्हणायला हवा.

## सातबारा आणि आठ-अ

गावच्या जमिनीची नोंद दोन बाजूंनी पाहता येते. सातबारा सांगतो की या गटाचा मालक कोण. आठ-अ सांगतो की या खातेदाराच्या नावावर कोणकोणत्या जमिनी आहेत. दोन्हींतली माहिती एकच, फक्त शोधायची दिशा उलटी. जमीन विकली, सातबाऱ्यावर नाव बदलले आणि आठ-अवर जुनेच राहिले, तर पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको.

पेरेंट-चाइल्ड नात्याच्याही अशाच दोन नोंदी लागतात. कंदिलापाशी ‘माझी पेरेंट गाडी’, आणि गाडीपाशी ‘माझी मुले: कंदील, घंटा, चाके’. पहिली नसेल तर कंदिलाला वर जाता येत नाही. दुसरी नसेल तर गाडीपासून खाली हिशेब वाटता येत नाही. आणि दोन्ही असल्या तर त्या एकमेकींशी जुळायला हव्यात.

कंदील एका गाडीवरून काढून दुसरीला लावताना तीन जागी बदल करावा लागतो: कंदिलाची नोंद, जुन्या गाडीची यादी, नव्या गाडीची यादी. माणसाच्या हाती हे काम दिले की दुसरा बदल राहून जातो, हा सार्वत्रिक अनुभव. मग एकच कंदील दोन गाड्यांच्या यादीत सापडतो आणि दोघी त्याला आपापल्या दिशेने ओढतात.

यावर इंजिनांनी काढलेला तोडगा आपल्या महसूल खात्याला सहज कळेल: खरी नोंद एकच माना, दुसरी तिच्यावरून काढा. ‘युनिटी’ या इंजिनाच्या ईसीएसमध्ये प्रोग्रॅमर फक्त ‘पेरेंट’ लिहितो, मुलांची यादी ‘पेरेंटसिस्टिम’ नावाचा कारकून तयार करतो. बेव्हीने एप्रिल २०२५ च्या ०.१६ आवृत्तीत हेच आणखी घट्ट केले. तिथे मुलाकडची ‘चाइल्डऑफ’ ही नोंद खरी. ती घातली, बदलली किंवा काढली की त्याच क्षणी पेरेंटकडची ‘चिल्ड्रन’ यादी दुरुस्त होते. फेरफार एका जागी केला की दोन्ही उतारे जुळलेच पाहिजेत, अशी ही व्यवस्था.

राहिला गोलमालाचा एक प्रकार: गाडी कंदिलाची पेरेंट, आणि कंदील गाडीचा. अशा वर्तुळात हिशेब फिरतच राहतो आणि खेळ गोठतो. नवे नाते जोडण्याआधी होणाऱ्या पेरेंटपासून वर चढत जायचे. वाटेत आपण स्वतःच भेटलो तर नाते नाकारायचे. तपासणी एवढीच, पण ती आधी करावी लागते.

## बंद पडलेला मोबाईल नंबर

गाडी नष्ट केली तर कंदिलाचे काय? बेव्हीच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी दोन आज्ञा होत्या. साधी आज्ञा फक्त गाडी काढून टाकी, तर दुसरी गाडीसकट सगळे कुटुंब. नवशिके पहिली वापरत आणि पडद्यावर बेवारस कंदील साठत जात. ०.१६ पासून साध्या आज्ञेनेच मुलेही जातात. मूल वाचवायचे असेल तर त्याला आधी वेगळे करावे लागते. बहुतेक वेळा लोकांना हेच हवे असते, तेव्हा हा बदल उशिराच झाला म्हणायचा.

याहून फसवा दोष क्रमांकांचा. नष्ट झालेल्या एन्टिटीची जागा इंजिन वाया घालवत नाही, नव्या एन्टिटीला देते. बंद पडलेला मोबाईल नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देते आणि जुन्या मित्राला केलेला फोन अनोळखी माणूस उचलतो, तशीच ही गत. कंदिलाने ‘माझी पेरेंट क्रमांक १२’ असे लक्षात ठेवले असेल आणि मधल्या काळात १२ ही जागा कोंबडीला मिळाली, तर कंदील कोंबडीमागे पळू लागेल.

म्हणून आजची इंजिने क्रमांकाला पिढी जोडतात. गाडी म्हणजे ‘१२, पिढी ३’. ती गेल्यावर आलेली कोंबडी ‘१२, पिढी ४’. कंदिलाने पिढी ३ मागितली की उत्तर मिळते, अशी कोणी नाही.

## एका चित्राचा उशीर

साखळी पूर्ण आहे, नोंदी जुळतात, तरी बंदुकीची गोळी नळीच्या तोंडातून न निघता थोडी मागून निघते. हा दोष वेळेचा.

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील तर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात कामे ठरल्या क्रमाने होतात. बेव्हीत प्रोग्रॅमरचा कोड सहसा ‘अपडेट’ या टप्प्यात चालतो. वरून खाली पत्ते वाटण्याचे काम त्यानंतरच्या ‘पोस्टअपडेट’ टप्प्यात होते. तेव्हा अपडेटमध्ये एखाद्याने बंदुकीचा जगातला पत्ता विचारला तर हाती येतो तो आधीच्या चित्रातला. शिळा पत्ता.

उभ्या माणसाच्या हातातल्या बंदुकीला याने फरक पडत नाही. पण तीच बंदूक ताशी १०८ किलोमीटरने धावणाऱ्या जीपवर बसवा. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे एका चित्रात अर्धा मीटर. गोळी नळीच्या टोकापासून दीड फूट मागे जन्म घेते. हळू चालवून तपासणाऱ्याला हा दोष दिसत नाही, खेळाडूला दिसतो.

उपाय असा की जगातला पत्ता ज्याला लागतो ते काम पत्तेवाटपानंतर लावायचे. ते शक्य नसेल तर त्या एका वस्तूपुरती साखळी तिथल्या तिथे चढून ताजा पत्ता काढायचा. हे महागात पडते, म्हणून सगळ्यांसाठी करायचे नाही.

चौकट: कंदील नीट वागत नसेल तर

पेरेंट हलली तरी तो हलतच नाही: वरच्या प्रत्येक कडीला जागेची नोंद आहे का ते पाहा, विशेषतः रिकाम्या पिशव्यांना.
हलतो, पण किंचित मागे राहून: पत्ता वाटपाआधी वाचला जातो आहे. कामांचा क्रम बदला.
जोडताक्षणी भलतीकडे उडी मारतो: जोडताना लोकल पत्ता राखला की वर्ल्ड, ते तपासा. युनिटीत आणि गोडोच्या चौथ्या आवृत्तीत सांगितले नाही तर जगातली जागा राखली जाते. तलवार हातात द्यायची असेल तेव्हा नेमके उलटे हवे असते.
तिरका किंवा चपटा दिसतो: पेरेंटचा आकार एका बाजूला ताणलेला आहे.
थरथरतो: त्याची जागा दोन जण लिहीत आहेत.

## चौकोनाची शंकरपाळी

चौकटीतला चौथा मुद्दा जरा उकलून पाहण्यासारखा आहे. गाडीची लांबी वाढवायची म्हणून कोणी तिला फक्त आडव्या दिशेने दुप्पट ताणले. तिच्यावरची चौकोनी पाटी ४५ अंशांत फिरवून लावलेली आहे. पाटी लांब आयत होईल असे वाटते, पण तसे होत नाही. फिरवलेल्या चौकोनाचा एक कर्ण आडवा आणि एक उभा असतो. आडवा दुप्पट झाला, उभा तेवढाच राहिला. काटकोन मोडले आणि चौकोनाची शंकरपाळी झाली.

गंमत अशी की हा आकार ‘इतके सरकव, इतके फिरव, इतके ताण’ या तीन सूचनांत लिहिताच येत नाही. त्यात काटकोन मोडायची सोय नाही. म्हणून युनिटीत वस्तूचा जगातला ताण सांगणाऱ्या मूल्याचे नावच ‘लॉसीस्केल’ आहे, म्हणजे मापात काहीतरी गळते हे नावातच कबूल केले आहे. नामकरणातला हा सरळपणा दाद देण्याजोगा. युनिटीच्या ईसीएसने तर नेहमीच्या जागेच्या नोंदीत तिन्ही दिशांना मिळून ताणाचा एकच आकडा ठेवला. वस्तू वेडीवाकडी ताणायची असेल तर वेगळे कंपोनंट जोडावे लागते.

अनुभवी मंडळी पेरेंटला ताणतच नाहीत. गाडी म्हणून एक साधी, न ताणलेली एन्टिटी ठेवतात. दिसणारा सांगाडा तिचा एक चाइल्ड, त्याला हवे तेवढे ताणा. कंदील आणि पाटी हे त्याचे भाऊ, त्यांना धक्का लागत नाही.

## चाकाचे दोन धनी

सर्वांत चिवट दोष भौतिकशास्त्राचा हिशेब मधे आल्यावर उगवतो. गुरुत्वाकर्षण, टक्कर, घर्षण मोजणारे फिजिक्स इंजिन वस्तूची जागा जगाच्या मापात लिहिते. पेरेंट-चाइल्डचा हिशेब तीच जागा पेरेंटवरून लिहितो. चाक गाडीचे चाइल्डही केले आणि ते जमिनीवर मोकळे लोळावे म्हणून फिजिक्सच्याही हवाली केले, की त्याला दोन धनी झाले. एक म्हणतो गाडीबरोबर चल, दुसरा म्हणतो खड्ड्यात उतर. चाक थरथरते, कधी गाडीतून आरपार जाते, कधी आकाशात उडते.

इथे खऱ्या बैलगाडीकडे पाहिलेले बरे. चाक गाडीला ठोकून बसवलेले नसते. ते आसावर फिरते आणि निसटू नये म्हणून टोकाशी खीळ असते. खेळातही तेच करतात. चाक गाडीचे चाइल्ड न करता स्वतंत्र ठेवायचे आणि ‘जॉइंट’ नावाच्या बंधनाने जोडायचे, म्हणजे दोघांच्या जागेचा निवाडा फिजिक्सच करते. कंदील मात्र खुशाल चाइल्ड राहू दे, त्याला खड्ड्यांशी कर्तव्य नाही. ज्या वस्तूला स्वतःचे वजन आणि मर्जी आहे तिला बंधन, जी नुसती बरोबर यायची तिला नाते, अशी विभागणी केली की बरीचशी थरथर थांबते.

आणि वाचकांपैकी कोणी असा खेळ करायला बसलेच, गाडी पुढे गेली आणि कंदील कुठेच दिसेना, तर त्याने कोड उलटापालटा करण्याआधी कॅमेरा जगाच्या शून्य बिंदूकडे न्यावा. हरवलेले कंदील बहुधा तिथेच सापडतात.